चीनच्या पोरांचा जोगवा

"मूठ काढा गं पोरींनो, मूठ!"

राहेलबाईंचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. झुंजूमुंजू झालेलं असायचं. जात्यांपुढे आम्ही पोरी आपापल्या वाट्याचा जोंधळा सुपात घेऊन बसलेल्या असायचो, आणि जात्यात दाण्यांची वैरण पडायच्या आत ती हाक यायची. मग एकेकीनं उठायचं, सुपातून मूठ भरायची आणि चुन्यानं क्रूस काढलेल्या रांजणात सोडायची. ती मूठ चीनच्या पोरांची.

अंगठा आत मुडपून मूठ भरली की ती बाहेरून फुगलेली दिसते आणि आत कमी मावतं. ही विद्या सुंदरानं आम्हा सगळ्यांना शिकवली होती.

"सुंदरे, अंगठा बाहेर!" राहेलबाई ओरडायच्या. "देव अंगठासुद्धा बघतो."

"देव बघतो, बाई. पर तुमाला कसा दिसला?"

पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. राहेलबाई हसायच्या नाहीत. त्या आश्रमाच्या मेट्रन होत्या. पांढरं लुगडं, कपाळ कोरं, बोलणं असं की पुस्तकातलं पान वाचून दाखवतायत. कुठल्या, कुणाच्या, काही माहीत नव्हतं. त्यांच्या तोंडी आमच्यासारखी बोली आम्ही कधी ऐकली नव्हती.

मोठ्या दुष्काळानंतरची गोष्ट ही. मेथडिस्ट मिशननं आमच्या गावाबाहेरच्या माळावर पोरींचा आश्रम काढला होता. कुणी आई-बाप खाऊन बसलेली, कुणी वाटेवर सापडलेली, कुणी आईनंच आणून सोडलेली. एमरी मडम आमची मोठी. तिनं आम्हाला सांगितलं होतं, की सातासमुद्रापलीकडं तिच्या गावात लहान लहान पोरं दर रविवारी खाऊ सोडतात, आणि तो खाऊ पेटीत टाकतात, म्हणून आमच्या पोटात भाकर आहे.

"आता तुमचा पाळी," मडम म्हणाली. मडमचं मराठी असंच. बाईमाणसाचा पुरुष करायचं आणि पुरुषाची बाई. "ज्यानं घेतला, त्यानं द्यायला शिकलं पाहिजे. चीनमध्ये मुलं उपाशी आहे. ती येशूला ओळखत नाही."

भिंतीवर तिनं चीनच्या पोराचं चित्र लावलं. सुंदरा त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आगं, ह्ये तर आपल्यापरीस गुबगुबीत हाय!"

माझं नाव धुरपा. मडमनं डॉर्कस केलं. मला आई होती, आणि ती फाटकाबाहेर होती. माझं सगळं दुखणं ते.

आई आराधीण. देवीच्या नावानं परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची, गळ्यात कवड्या, तोंडात गाणं. दुष्काळात माझे दोघे भाऊ गेले. मी जाता जाता राहिले. आई म्हणायची, देवीनं तिघांतलं एक परत दिलं, आता तिला मी कसं सोडू? आश्रमात मला घेतलं, तिला घेतलं नाही. बाप्तिस्मा घेणार असेल तर आत, नाहीतर फाटकाबाहेर, असा नियम. दिवसा ती आत येऊन पाणी भरायची, शेण काढायची, गोवऱ्या थापायची. दिवस मावळला की फाटकाबाहेरच्या बाभळीखाली, पाल्याच्या आडोशाला. थंडीत तिचा खोकला मला आत ऐकू यायचा. मी तेव्हा पांघरूण काढून टाकायची. तिला नाही तर मला तरी कशाला.

"आये, घे की पाणी डोक्यावर," मी म्हणायची. "नुसतं पाणीच तर हाय."

"पाणी न्हाई गं बाये. देवीची सवत हाय ती." आणि हसायची. "देवीनं तुला ठिवलं, अन् मी तिला सोडू? उद्या तिनं तुला मागं मागितलं तर?"

सुगी झाली, कापणीचा सण जवळ आला. मडमनं सगळ्यांना बोलावलं. म्हणाली, रांजण भरला नाही. आता गावात जायचं, दारोदार जायचं, देवाच्या नावानं मागायचं. जी पोरगी सगळ्यांत जास्त धान्य आणील, तिनं सणाच्या दिवशी मडमकडं एक गोष्ट मागायची. मडमच्या हातात असेल तर मडम ती देईल.

सुंदरानं मला ढोपरानं डिवचलं. "मी दोनदा भाकर मागणार. सकाळी एकदा अन् लगीच पुन्यांदा."

मला काय मागायचं ते मला ठाऊक होतं. आश्रमाच्या कोठीला एक पडवी होती. तिथं एका बाईला अंग टाकायला जागा होती.

पहिल्या दिवशी आम्ही घोळक्यानं गेलो. "द्या हो, चीनच्या पोरांना द्या," असं मान खाली घालून म्हणत. कुणी दार लावलं, कुणी कुत्रं सोडलं. एक म्हातारी उंबऱ्यात येऊन म्हणाली, "आमची पोरं मेली तवा चीनवाला कुठं हुता गं? जावा, त्येला म्हनावं आधी माझ्या नातवाचं दे." आम्ही परत फिरलो. झोळीत होतं ते चिमण्यांनीसुद्धा पुसलं नसतं.

आईला सांगितलं तेव्हा ती गोवरी थापता थापता थांबली.

"मान खाली घातलीव?"

"मग? मागाया गेलो हुतो."

"ती भीक झाली." शेणाचा हात तिनं हवेत उचलला. "भीक मागनारा वाकतो, धुरपे. जोगवा मागनारा हुबा ऱ्हातो. भीक आपल्यासाटनं, जोगवा देवासाटनं. कुनासाटनं मागायचंय तुला?"

"मडम म्हनली, देवाच्या नावानं मागा."

"मग त्ये जोगवाच की!" जणू मडम इतके दिवस तोंड फिरवून होती आणि आज एकदाची ओळखीचं बोलली, तसा तिचा चेहरा उजळला. "डोळे मिटायचे. डोळे मिटले की देव दिसतो, देनारा दिसत न्हाई. मग लाज कुठली?"

तिनं मला चाल दिली. शब्द आम्ही दोघींनी बसवले, ती थापत, मी गोवऱ्या उलटवत. देवीच्या जागी येशू घातला. शेवटाला येऊन मी अडले.

"आये, येशूला उदो चालतो का?"

आईनं जरा विचार केला. "जो देव पोरास्नी दारोदार मागाया लावतो, तो उदोला कसा न्हाई म्हनंल?"

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. झोळी नको, कोठीतली वेताची टोपली घेतली. पहिल्याच दारात उभी राहिले, डोळे मिटले आणि आवाज सोडला,

*दार उघड गं माये, जोगवा आला दारी*
*लेकरं उपाशी निजली सात समुद्रापारी*
*मूठ घाल गं माये, मूठ होईल पायली*
*दिल्या हाताची सावली तुझ्या लेकरां राहिली*
*येशूराजाचा उदो, उदो!*

दार उघडलं. आदल्या दिवशी कुत्रं सोडलं होतं तेच दार. बाईच्या हातात भरलेलं सूप.

"कुनाचा जोगवा गं बाय?"

"येशूराजाचा."

"ह्यो कंच्या गडावरचा?"

"सात समुद्रापल्याडचा."

"लई लांबचा हाय की!" तिनं मागं वळून सुनेला हाक मारली. "आगं, आनि एक सूप आन. पोरीला लांब जायचंय."

तिनं माझ्या कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. माझ्या, दुष्काळात कचऱ्यातलं वेचून खाल्लेल्या पोरीच्या पायांना. मी पाच घरं मागणार होते. आळीतल्या बायाच मला पुढं पुढं नेऊ लागल्या. नातवाचं मागणारी म्हातारी तर टोपली घेऊन माझ्याबरोबर चालली. टोपलीत मावेना म्हणून पोती भरली, शेवटी कुणाच्या तरी गाडीवानानं ती बैलगाडीत टाकली आणि मी धान्यावर बसून माळावर आले.

फाटकात राहेलबाई उभ्या होत्या. त्यांनी गाडी बघितली, मग माझं कपाळ. मला खाली उतरवलं. आपल्या पांढऱ्या पदराचं टोक घेतलं आणि माझं कपाळ पुसलं. घासून घासून, कातडं लाल होईस्तोवर. पदराला तांबडा डाग पडला तो त्यांनी कमरेत खोचून टाकला.

"घाम आलाय तुला," त्या म्हणाल्या. मग हळूच, "कशी मागितलीस ते कुणाला सांगू नकोस."

"अन् मडमनं विचारलं तर?"

"मडम विचारणार नाहीत. मडमना धान्य दिसेल."

सणाच्या दिवशी चर्चच्या खांबांना जोंधळ्याची ताटं बांधली होती, कणसांसकट. वेदीपुढं भोपळे, वांगी, गुळाची ढेप आणि मधोमध माझी पोती. बाकांवर, जमिनीवर माणसं दाटलेली. सगळी दुष्काळात आलेली, पोटाला धरून येशूच्या पायाशी बसलेली. आई खिडकीबाहेर होती. गजाला हात धरून, उन्हात.

मडमनं माझं नाव घेतलं. मी पुढं गेले. तिचे डोळे पाण्यानं भरले होते. ती वाईट बाई नव्हती. मी आज म्हातारी झाल्यावरही तसं म्हणणार नाही. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाली, "हा लहान मुलगी, हिला कोणी काही दिलं नव्हतं. आज ती चीनला देते. डॉर्कस, तू काय मागणार ते मग सांग. आधी सर्वांना दाखव, तू दारात कशी मागितली."

राहेलबाई बाकावरून अर्ध्या उठल्या. "मडम, मुलगी लाजाळू आहे."

"नाही, नाही, राहेलबाई. देवाच्या घरी लाज नको."

मी खिडकीकडं बघितलं. आईनं मान हलवली, घे म्हणून. मी डोळे मिटले.

चर्चला दगडी भिंती, वर कमान. माझा आवाज तिथं इतका मोठा झाला की तो माझा वाटेना. उपाशी लेकरं, सात समुद्र, मूठ, पायली. "येशूराजाचा उदो," मी म्हटलं, आणि दुसरा उदो माझ्या तोंडातून निघायच्या आत समोरून कुणीतरी तो उचलला. बाईचा आवाज होता. बारीक, उंच, तासलेल्या काठीसारखा सरळ. "उदो!" आणि मग बांध फुटावा तसं अख्खं चर्च, "उदो! उदो!" बायांच्या बांगड्या वाजल्या, हात वर गेल्याचा आवाज झाला. कुणी म्हातारा हुंदका देत होता. मला वाटलं, येशू आला.

डोळे उघडले तर सगळ्यांनी तोंडावर हात दाबून धरलेले. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

मडम एकटी टाळ्या वाजवत होती. "किती सुंदर! सर्वांना येतो! हा शब्द काय आहे, उदो?"

तिनं एकेका चेहऱ्याकडं बघितलं आणि तिचे हात हळूहळू थांबले.

"राहेलबाई? उदो म्हणजे काय?"

राहेलबाई उठल्या. तोंड राखेसारखं. पण बोलल्या त्या मोठ्यानं, पुस्तकातल्यासारख्या.

"मडम, हा देवीचा घोष आहे. मूर्तिपूजेचा. ही पोर देवीचा जोगवा मागून आली आहे. पोरीचा दोष नाही, तिच्या आईनं तिला हे शिकवलं. ती बाई तिथं खिडकीत उभी आहे."

सगळी डोकी खिडकीकडं वळली.

मडमनं आईला बोलावून घेतलं, दारातच उभं केलं. रागावली नाही. थकलेल्या आवाजात तिनं विचारलं, "भिवराबाई, तू ही देवी सोडणार का?"

आईनं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांसमोर, पुस्तकं धरलेल्या त्या माणसांसमोर ती वाकली नाही.

"मडम, पोरीचं पोट तुमी भरता. तुमचं उपकार माझ्या चामड्याच्या वहाना केल्या तरी फिटायचं न्हाईत. पर ही पोर हाय ती देवीनं ठिवली म्हनून हाय. मी कशी सोडू?"

"मग आजपासून फाटकाच्या आत येऊ नको. पाणी भरायलासुद्धा नको. मुलींना हे बरं नाही."

"मडम," मी म्हटलं, "मला मागायचं हुतं. तुमी म्हनला हुता, एक गोष्ट..."

"आता नाही, डॉर्कस."

माझा मान सुंदराला मिळाला. ती पुढं आली, माझ्याकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला थट्टा सुचली नाही. "काय बी नगं," म्हणाली आणि जाग्यावर जाऊन बसली.

पोत्यांचं काय करायचं असं मडमनं विचारलं तेव्हा राहेलबाईंनीच उत्तर दिलं, "धान्याला काय कळतं, मडम." पोती सोमवारच्या बाजारात गेली, त्यांचा पैसा चीनला गेला. धान्य बाटलं नाही. बाटली ती मी आणि माझी आई.

दुसऱ्या दिवशी आई बाभळीखाली नव्हती. आडोसा मोडलेला, चुलीचे दगड गार. मी फाटकाला डोकं लावून उभी होते तेव्हा राहेलबाई मागं आल्या.

"गेली ती. देवीकडे गेली. लेकीपेक्षा तिला परडी प्यारी."

मी रडले नाही. ते वाक्य मी गिळलं आणि ते माझ्या पोटात राहिलं, न शिजलेल्या दाण्यासारखं.

मी शिकले. आश्रमाच्या शाळेत मास्तरीण झाले, मिशनच्याच एका मास्तरांशी लग्न झालं, लेकी झाल्या. मी जात्यावर बसले की त्या गाणं म्हण म्हणायच्या, तर मी प्रार्थनेतलं गीत म्हणायची. आजी कुठं आहे म्हणून विचारायच्या, तर "नाही" म्हणायची. एकदा जत्रेच्या वाटेवर एक म्हातारी आराधीण समोरून आली, गाताना डोळे मिटलेली. आणि मी तोंड फिरवून घेतलं. हिची असेल कुणी लेक, तर ती बघू दे हिला, असं मनात म्हटलं. आई कुठं मेली, कधी मेली, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी चौकशी केली नाही. ज्या बाईनं मला सोडलं तिच्यामागं मी का जाऊ?

राहेलबाई मात्र माझ्याच वाट्याला आल्या. त्या थकल्या, डोळ्यांनी अधू झाल्या. त्यांना पुढं-मागं कुणी नव्हतं. मी घरी आणलं. आंबिल भरवायची, वेणी घालायची, बायबल वाचून दाखवायची. सगळे म्हणायचे, डॉर्कसबाईंनी आईसारखं केलं. ते ऐकलं की राहेलबाई तोंड भिंतीकडं करायच्या.

एके दिवशी दुपारी मी त्यांना अंगणात उन्हाला बसवलं होतं. आंबिलाची वाटी पुढं केली तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"धुरपे," त्या म्हणाल्या.

त्या नावानं मला कुणी हाक मारून उभं आयुष्य लोटलं होतं. आणि आवाज पुस्तकातला नव्हता. माझ्या आईच्या आळीतला होता.

"माज्या हातचं पानी तुला कवा ग्वाड लागलं असंल तर आज थुकून टाक. तुझी आय तुला सोडून गेली न्हाई."

मी वाटी खाली ठेवली.

"त्याच सांजंला आली हुती फाटकाशी. म्हनली, राहेलबाई, मडमला सांगा, घाला म्हनावं पानी माझ्या डोस्क्यावर. देवीची काय ती समजूत मी घालीन, मला काय शाप द्यायचा त्यो देऊ दे. पर लेकीजवळ ऱ्हाऊ द्या. असं म्हनली. पाया पडली माझ्या. अन् म्या... म्या मडमकडं गेलेच न्हाई गं. तितंच भिंतीआड जरा हुबी ऱ्हायले, अन् मागं फिरून तिला म्हनलं, मडम न्हाई म्हनती. पोरीला तुझं तोंड दिसलं तर पोरीला बी काढून टाकीन म्हनती. मडमला म्या इचारलंच न्हवतं. इचारलं असतं तर मडम पळत आली असती फाटकात."

"का?" मी विचारलं. "तुमचं काय केलं होतं तिनं?"

म्हातारीचे पांढरे डोळे कुठंतरी लांब लागले होते.

"पयला उदो माझा हुता. तुझे डोळे मिटल्याले हुते, तिचे न्हवते. माझी आय बी आराधीणच हुती, धुरपे. मी बी तुझ्यावानी दारोदार गायल्याली. मिशनात कुनाला ठावं न्हवतं, तिला कळलं म्हनून भ्याले. तुझी आय फाटकातनं जाताना मागं वळली. न्हाई म्हनलं तरी रागावली न्हाई. उलट हसली जरा, अन् म्हनली, बाई, आपल्यातलं कुनी आत हाय म्हनून माझा जीव निवांत झाला, पोरीकडं बघा. तेवढ्यापायी, धुरपे. आपल्यातलं म्हनली, तेवढ्यापायी म्या तिला माघारी बोलावली न्हाई."